आईचा ताण मोजण्याआधी एसटीचं वेळापत्रक बघा

प्रश्न : मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. ‘दिव्यांग मुलांच्या मातांमधील मानसिक ताण : कोल्हापूर जिल्ह्याचा अभ्यास’ हा विषय गाईडनी मंजूर केलाय. शहरातल्या विशेष शाळांमधून ६० माता घ्यायच्या आणि प्रश्नावली भरून घ्यायची असं ठरलंय. कोणती मापनश्रेणी वापरू? आणि एक मनातलं विचारते, या अभ्यासाचा त्या बायकांना काही उपयोग होणार आहे का?

उत्तर :

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. तुम्ही तो ‘मनातलं’ म्हणून शेवटी ढकललाय, पण खरा प्रश्न तोच आहे. आधी रुग्णालयात आणि नंतर मुलांच्या थेरपी केंद्रात समाजसेविका म्हणून माझी पंचवीस वर्षं गेली. दरवर्षी जानेवारी उजाडला की कोणी ना कोणी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभं असतं. बहुतेक प्रबंधांचे निष्कर्ष मी शेवटचं प्रकरण न उघडता सांगू शकते. मातांना ताण असतो, शिकलेल्या मातांना जरा कमी असतो, एकत्र कुटुंबात आधार मिळतो, शासनाने लक्ष द्यावे. यातलं काही खोटं नाही. पण ‘शिक्षण वाढलं की ताण कमी’ हे कळून उद्या सकाळी समोर बसलेल्या बाईला मी काय सांगू? आता शाळेत नाव घाल म्हणून?

माझं सांगणं एवढंच : आईच्या मनात शिरण्याआधी तिचा दिवस मोजा. तो कुठं जातो, कुणाच्या दारात जातो, कशापायी वाया जातो ते लिहून काढा. मन हलकं करायला समुपदेशक लागतो आणि तो आपल्या जिल्ह्यात गावोगाव नाही. दिवस हलका करायला कधीकधी नुसती अपॉइंटमेंटची वेळ बदलली तरी भागतं.

हे मला उशिरा कळलं आणि माझ्याच चुकीतून कळलं, म्हणून सांगते.

राधानगरीच्या पुढच्या एका वाडीवरून एक आई यायची. मुलगा सात वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसलेला. मान धरत होता, टेकून बसवला तर बसत होता. आठवड्याला एक दिवस थेरपी ठरली होती, पण महिन्यात दोनदा तरी खाडा. मी केसपेपरवर शेरा मारला : ‘आई अनियमित. सहकार्य कमी.’ अक्षर माझंच. पुढं एकदा गृहभेटीसाठी तिच्या वाडीवर मुक्काम करायची वेळ आली आणि सकाळी तिच्याबरोबरच कोल्हापूरला यायचं ठरलं.

ती साडेचारला उठली. धारा काढल्या, दूध सोसायटीत घालून आली, भाकरी थापल्या, सासूचं दुपारचं झाकून ठेवलं. मुलाला भरवायला पाऊण तास लागला. घाई केली की त्याला ठसका लागतो, म्हणून एकेक घास बोटानं मऊ करून. मग वाडीपासून फाट्यापर्यंत दीड किलोमीटर, पोरगं कडेवर. मुक्कामाची एसटी सवासातला. ती चुकली तर पुढची दहाला, म्हणजे तो दिवस गेलाच. रंकाळा स्टँडला उतरल्यावर रिक्षा, कारण वीस किलोचं पोरगं घेऊन केएमटीच्या शहर बसमध्ये गर्दीत चढता येत नाही. केंद्रात दहाची वेळ दिलेली, नंबर लागला अकराला. थेरपी चाळीस मिनिटं. परतीची गाडी अडीचला. घरी पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि गोठ्यात म्हशी हंबरत होत्या.

चाळीस मिनिटांसाठी साडेदहा तास. त्या दिवशीची भांगलणीची हजेरी, म्हणजे मजुरी, बुडाली ती वेगळीच. आज बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. दिव्यांग मुलाला ७५ टक्के सवलत आहे. रिक्षाला कुठलीच सवलत नाही, आणि खिसा रिकामा होतो तो तिथंच. प्रवास सवलतीचा लाभ मिळतो का, असा प्रश्न विचारला की ती बाई ‘हो’ म्हणणार, तुम्ही बरोबरची खूण करणार, आणि रिक्षाचं भाडं तुमच्या संशोधनात कुठंच दिसणार नाही.

परत आल्यावर मी तो शेरा खोडला. केंद्रात भांडून लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्यांना साडेदहा ते एकच्या मधले नंबर द्यायला लावले, आणि ‘नंबर म्हणजे नंबर, मधे डॉक्टरांच्या ओळखीचं कुणी नाही’ हेही. खाडे कमी झाले. बाईत काही बदल झाला नव्हता. ती आधीही तितकीच सहकार्य करत होती.

तेव्हा मापनश्रेणी हवीच असेल तर वापरा, पण जोडीला दोन साधी पानं ठेवा. एक, दिवसाचं पान. ‘साधारण दिवस कसा जातो?’ असं विचारू नका. ‘साधारण’ म्हटलं की माणूस जसं असायला पाहिजे तसं सांगतो. ‘काल पहाटे डोळे उघडल्यापासून सांगा’ म्हणा. घड्याळाऐवजी खुणा धरा : सोसायटीची वेळ, शाळेची घंटा, अमुक एसटी, संध्याकाळची मालिका. दोन दिवसांचं घ्या, एक दवाखान्याचा आणि एक घरचा. दुसरं, खेट्यांचं पान. गेल्या तीन महिन्यांत मुलासाठी कुठं कुठं गेलात, कशासाठी, बरोबर कोण होतं, हजेरी बुडाली का, आणि काम झालं की ‘उद्या या’ म्हणाले. हा शेवटचा रकाना सोडू नका. कोल्हापुरातलं कुठलं दार किती वेळा ‘उद्या या’ म्हणतं, हे आजवर कुणी नीट मांडलेलं मी तरी पाहिलेलं नाही. ६० कशाला, तीस आयांची ही पानं नीट भरलीत तरी हातात काहीतरी असेल.

आता श्रेणीचं. विद्यार्थी हमखास झारिटची श्रेणी घेऊन येतात, कारण ती २२ प्रश्नांची, सुटसुटीत आणि गुण द्यायला सोपी आहे. ती मुळात स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्यांसाठी बनवली गेली. आजारी सासऱ्याला सांभाळणं आणि पोटच्या पोराला सांभाळणं यात थकवा सारखा असेल, नातं सारखं नाही. त्यातून तिच्या मराठी भाषांतरात ‘ओझे’ हा शब्द येतो. एका विद्यार्थिनीबरोबर मी बसले होते. तिनं अगदी नम्रपणे विचारलं, ‘मुलाचे ओझे वाटते का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी?’ बाई तिच्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, ‘पोराचं वझं कसलं ओ ताई? कमरंला भार हाय, त्यो इचारा.’ विद्यार्थिनीनं ‘कधीच नाही’वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडं वळली. कंबर प्रश्नावलीत नव्हती ना.

त्या बाईचं पोरगं अकरा वर्षांचं होतं आणि तिला दोन वर्षांपासून मणक्याचा त्रास होता. मूल वाढतं तसं आईचं शरीर झिजतं. मुलाला उचलायचं कसं, गुडघ्यात वाकून, अंगाशी धरून, हे तिला कोणी दहा मिनिटं शिकवलं नव्हतं. फिजिओथेरपिस्ट मुलाच्या पायांकडं बघत होते आणि आई समोर उभी होती.

त्यापेक्षा सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं (एनआयईपीआयडी, पूर्वीची एनआयएमएच) बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी तयार केलेली गरजांची अनुसूची बघा. तिच्यात पालक, भावंडं आणि आजीआजोबा यांचे वेगळे भाग आहेत. ती ‘तुम्हाला किती दुःख आहे’ असं न विचारता ‘तुम्हाला काय हवंय’ असं विचारते, आणि भारतातल्या घरांसाठी बनलेली आहे. तीही जशीच्या तशी वापरू नका. आधी तीन बायकांना मोठ्यानं वाचून दाखवा. जिथं त्या ‘म्हंजे?’ म्हणतील तिथं वाक्य बदला. ‘तणाव’ इथं कुणी म्हणत नाही. ‘टेन्शन’ म्हणतात, ‘जीवाला घोर’ म्हणतात, ‘डोस्कं फिरतंय’ म्हणतात, आणि या तिन्हींत फरक आहे. टेन्शन पैशाचं असतं, घोर पुढचा असतो. आणि मुलाखती उतरवताना बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणाल्या तर तसंच लिहा. बाहेरून शिकायला आलेल्या एका मुलीनं सगळीकडं ‘आले’, ‘जाते’ करून ठेवलं होतं. वाचताना मला बायका ओळखूच येईनात.

सिद्धांताच्या प्रकरणासाठी तुम्हाला दोन नावं देते. बाकी ग्रंथालयात सापडतील. एक सायमन ओल्शान्स्की. १९६२ मध्ये त्यांनी ‘क्रॉनिक सॉरो’ ही कल्पना मांडली. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या आईबापांचं दुःख एकदा ‘स्वीकार’ केला की संपतं असं नाही, ते आयुष्यभर येत-जात राहतं आणि तसं राहणं हा आजार नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडं अजूनही केसपेपरवर ‘पालकांनी वास्तव स्वीकारलेले नाही’ असं लिहितात. मी पाहिलेल्या बायका वर्षभर खंबीर असतात आणि जूनमध्ये शाळा सुरू होतात त्या आठवड्यात रडतात, कारण जावेच्या पोराला नवं दप्तर आलेलं असतं. दहावीच्या निकालाला परत. नणंदेच्या मुलीची हळद लागताना परत. तुमची प्रश्नावली फेब्रुवारीत भरली तर जूनमध्ये त्याच प्रश्नांची उत्तरं बदललेली असतील. मुलाखतीची तारीख आणि घरात त्या महिन्यात काय चाललं होतं, हे प्रत्येक पानावर टिपून ठेवा.

दुसरं नाव रूबेन हिल. दुसऱ्या महायुद्धामुळे ताटातूट झालेल्या कुटुंबांचा अभ्यास करून त्यांनी १९४९ मध्ये एक मांडणी केली. घटना, घराकडं असलेली साधनं आणि त्या घटनेचा घरानं लावलेला अर्थ, या तिन्हींच्या मेळातून संकट किती मोठं हे ठरतं. पुढं १९८३ मध्ये मॅककबिन आणि पॅटरसन यांनी त्यात ‘साठत जाणाऱ्या’ ताणांची भर घातली. विद्यार्थी याची आकृती काढतात आणि पुढं विसरतात. इथल्या भाषेत ती अशी आहे : पोराला फिट आली त्याच आठवड्यात गाभण म्हैस दगावली आणि कारखान्याचं ऊसबिल अडकलंय. फिटचं औषध संपलं ते म्हशीमुळं. तुम्ही फक्त फिटबद्दल विचारलंत तर औषध का बंद झालं हे कधीच कळणार नाही, आणि डॉक्टर ‘पालकांचे दुर्लक्ष’ लिहून मोकळे होतील.

अर्थ लावण्याचं आणखी थोडं. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत जुनी आहे. अशा घरात सासू ही आत्याच असते. मूल वेगळं जन्मलं की दोष सुनेच्या माहेराला द्यायचा म्हटलं तर ते माहेर आत्याचंच माहेर. मग काही घरांत दोष कुणालाच देता येत नाही आणि सगळे मिळून गप्प बसतात. काही घरांत मात्र दुप्पट कडवटपणा येतो. हे नाजूक आहे. ‘नात्यात लग्न : होय/नाही’ असा चौकोन भरून पुढं जाऊ नका. विचारायचं असेल तर हातात काहीतरी द्यायला पाहिजे. थॅलेसेमियासारख्या आजारात आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक एवढी शक्यता असते, दोष कुणा एकाचा नसतो, पुढच्या वेळी आधी तपासणी करता येते. एवढं सांगितलं तरी त्या घरात त्या रात्री थोडी वेगळी बोलणी होतात. देवरशाचंही तसंच. ‘अंधश्रद्धा आहे का?’ असा प्रश्न एका प्रश्नावलीत मी खरोखर पाहिलाय. कोण हो म्हणेल? ‘आणि कुठं कुठं दाखवून आणलं?’ असं विचारा, आणि कपाळाला आठी घालू नका. मग जोतिबाचा नवसही कळतो, ‘बाहेरचं’ बघणाराही कळतो आणि त्याच्यावर गेलेले पैसेही.

नमुन्याबद्दल तुमच्या गाईडशी जरा वाद घाला. विशेष शाळेत भेटणारी आई म्हणजे शाळेपर्यंत पोचलेली आई. तिनं निम्मी लढाई जिंकलेली आहे. जिल्ह्यात बारा तालुके आहेत. गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड इथल्या वाड्यांवरची मुलं शहरातल्या शाळेच्या पटावर किती असतील हे तुम्हीच पटावरून काढून बघा. निदान दहाएक आया तरी आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या मदतीनं गावात जाऊन भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यांची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाड्या आणि एकदा शाळा तपासतात, मुलं हुडकतात. पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय या कार्यक्रमातच आहे. हुडकल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत मधल्या वाटेवर किती मुलं गळतात आणि कुठं, हा तुमच्या आताच्या विषयापेक्षा चांगला विषय होईल. बदलायला अजून वेळ आहे, असं गाईडना माझ्या नावानं सांगायला हरकत नाही.

शाहू महाराजांनी शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते १९१७ मध्ये. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून त्यांनी वसतिगृहं काढायला सुरुवात केली होती. गावाकडच्या पोराची फी माफ केली तरी तो कोल्हापुरात राहणार कुठं, हे त्यांना आधी दिसलं. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली, तेव्हा त्याही स्वतः व्हीलचेअरवरच होत्या, आणि त्यांच्या कामातही मुलांच्या राहण्याची सोय हा मोठा भाग झाला. या गावाला अंतराचा प्रश्न नवा नाही. संशोधनातच तो हरवलाय.

‘दिव्यांग’ म्हणजे कोण, हे पहिल्याच प्रकरणात ठरवून टाका. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलही आहेत. टाइप वन मधुमेह किंवा कॅन्सर झालेली मुलं त्यात नाहीत. म्हणून शाळेच्या मधल्या सुट्टीत पोराला इन्सुलिन टोचायला रोज दुपारी शाळेच्या फाटकाशी जाणारी आई तुमच्या व्याख्येबाहेर राहील. घ्यायची की नाही ते ठरवा, पण कळून सवरून ठरवा.

आता वडिलांचं, आणि इथं जरा थांबते, कारण प्रबंधांत ते नसतातच. ‘वडील उपलब्ध नव्हते’ असं एक वाक्य असतं. आपण सकाळी अकराला शाळेत बसणार आणि तो शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत फर्स्ट शिफ्टला असणार, मग उपलब्ध कसा होईल? मी काही बापांना शिफ्ट सुटल्यावर चहाच्या गाड्यावर भेटले आहे. समोरासमोर बसून प्रश्न विचारला की ते ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात आणि कपाकडं बघत राहतात. एकाकडं मात्र मी घरी गेले तेव्हा तो अंगणात मुलीसाठी उभं राहायची चौकट बनवत होता. भंगारातला पाइप, छातीशी लावायला जुन्या सीटचा फोम, पायाला स्कूटरच्या ट्यूबचे पट्टे. केंद्रातली चौकट त्यानं एकदाच बघितली होती आणि वितीनं मापं घेऊन आला होता. मी पाइप धरून बसले, तो वेल्डिंग करत होता. त्या तासाभरात, काचेमागून, तो एवढं बोलला की बायकोलाही नवीन होतं. रात्री झोप येत नाही, मुलगी मोठी होतीये, तिला पाळी आल्यावर कोण बघणार, आपण मेल्यावर काय. त्याचं ‘सहभाग’ या शीर्षकाखाली किती गुण होतील मला माहीत नाही. शाळेच्या पालकसभेला तो एकदाही आलेला नव्हता.

भावंडांना विसरू नका. नववीतली ताई शाळेतून लवकर येते म्हणून आईला भांगलायला जाता येतं. तिची हजेरीपत्रकातली गैरहजेरी हाही तुमचा विदा (डेटा) आहे. तिच्याशी बोलायचं तर आईवडिलांची संमती आणि तिची स्वतःची तयारी, दोन्ही लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सात वर्षांपुढच्या मुलांची स्वतःची होकारार्थी संमती घ्यायला सांगितलंय. आणि ताईला भावाबद्दलच विचारत बसू नका, तिच्याबद्दलही विचारा.

संमतीपत्राची गोची मोठी आहे. तुम्ही कागद पुढं कराल, ती अंगठा देईल किंवा सही करेल, आणि उठताना विचारेल, ‘मग पैसं कवा जमा हुत्यात?’ कारण तिच्या आयुष्यात ज्या ज्या ताईनं फॉर्म भरून घेतला तो योजनेचाच होता. कागद वाचून दाखवला म्हणजे संमती झाली असं समजू नका. ‘हा माझ्या कॉलेजचा अभ्यास आहे, यातून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, नाही म्हणालात तरी शाळेत काही बिघडणार नाही’ हे तीन वाक्यांत सांगा आणि तिला तिच्या शब्दांत परत सांगायला लावा. मग काहीजणी नाही म्हणतील. म्हणू देत.

पण पैसे मिळणार नाहीत म्हणून हात झटकूही नका. योजनांची माहिती तोंडपाठ करून जा, कारण तासभर तिचं ऐकून घेतल्यावर तिच्या एका प्रश्नाचं उत्तर देणं तुमच्याकडं लागतं. मुलाचं दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) निघालंय का, आणि निघालं असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तात्पुरतं आहे का, त्याची मुदत बघा. लहान मुलांचं बरेचदा ठरावीक वयाला पुन्हा काढावं लागतं आणि मुदत संपल्याचं अनुदान थांबल्यावरच कळतं. बहुतेक लाभांना निदान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालय. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीही बसते. मात्र आधी खर्च, मग बिलं, म्हणून प्रत्येक पावती जपायला सांगा. प्लास्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या डब्यावर, कुठंही, पण एकाच जागी. आणि मूल अठराच्या जवळ असेल तर पालकत्वाचा अर्ज. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं तो करायचा असतो. अठरा पूर्ण झाल्यावर आई ही कायद्यानं आपोआप पालक राहत नाही, हे पंचवीस वर्षांत मी ज्या ज्या आईला सांगितलं तिला पहिल्यांदा थट्टाच वाटली.

एक प्रश्न माझ्या आग्रहाखातर घाला : महापुरात काय केलंत? २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे हे चिखली-आंबेवाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण चालता न येणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला माळ्यावर कसं चढवलं, बोटीत व्हीलचेअर घेतली की सोडली, छावणीत शेकडो माणसांसमोर त्याचा डायपर कुठं बदलला, हे कुणी विचारत नाही. फिटच्या गोळ्या एकदम बंद झाल्या की फिट्स वाढू शकतात. त्या वेळी एका आईनं सगळं घर सोडलं आणि गोळ्यांची पिशवी तेवढी ब्लाउजमध्ये खोचून बोटीत बसली. तेव्हापासून मी पावसाळ्याआधी प्रत्येक आईला निदान पंधरा दिवसांची औषधं आणि केसपेपरची झेरॉक्स वेगळी बांधून ठेवायला सांगते.

मुलाखतीत बाई रडेल. पेन खाली ठेवा. पाणी द्या, गप्प बसा. ‘असं रडू नका, सगळं ठीक होईल’ म्हणू नका, तुम्हाला माहीत नाही ठीक होईल का. ती थांबली की पुढं जायचं का हे तिला विचारा. आणि कधीतरी एखादी म्हणेल, ‘माझ्यामागं ह्याचं कोन बगंल? त्यापरास दोघंबी...’ आणि वाक्य सोडून देईल. तिथं मुलाखत संपली, अभ्यास बाजूला. सोडून दिलेल्या वाक्याबद्दल सरळ विचारा : जीव द्यायचा विचार येतो का, काही ठरवलंय का. विचारल्यानं विचार डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटी सोडू नका, घरातलं तिच्या विश्वासाचं माणूस बोलावून घ्या, गाईडना तिथूनच फोन करा. टेली-मानस १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन चोवीस तास आणि फुकट चालतो. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, घेऊन जायची वेळ आली तर रिक्षात तुम्ही बरोबर बसा. यातलं कोण काय करणार हे गाईडबरोबर पहिल्या मुलाखतीआधी ठरवून, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

लिहिताना नावं बदलाल हे मला माहीत आहे. पण ‘अमुक तालुक्यातील हिमोफिलिया असलेल्या दोन भावांची आई’ असं लिहिलंत की नाव बदलून उपयोग नाही, अख्खी बाजारपेठ ओळखते. तालुका काढा किंवा आजार काढा.

आणि प्रबंध बांधून झाला की त्याची एक प्रत ग्रंथालयात जाईल, एक गाईडकडं. त्या बायकांना त्यातलं काही मिळालं का, असं तुम्ही विचारलं होतंत. दोन पानी टिपण काढा, मोठ्या अक्षरात : कुठल्या दारात किती खेटे, कुठला कागद नसल्यामुळं, कुठल्या एसटीला कुठली अपॉइंटमेंट जमत नाही. ते शाळेला, केंद्राला, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला आणि तालुक्याच्या एसटी आगाराला द्या. आयांना बोलावून आधी त्यांच्यासमोर वाचा. चुकलं असेल तर त्या तिथंच सांगतील, त्यांना व्हायवापेक्षा कडक प्रश्न विचारता येतात.

प्रश्नावलीचा कच्चा खर्डा घेऊन कुठल्याही शुक्रवारी दुपारी दोननंतर या, मोठ्यानं वाचून बघू. त्याआधी एक सकाळ काढा आणि राधानगरी असो की गगनबावडा, मुक्कामाच्या एसटीनं एकदा कोल्हापूरला येऊन बघा. गाडीत कडेवर मूल घेतलेली बाई उभी असेल तर जागा द्या. पोरगं मांडीवर घ्यायचं असेल तर आधी तिला विचारा. काहींना दुसऱ्याच्या हातात दचकलं की फिट येऊ शकते.